जखऱ्या ४:६ मधल्या ‘बल’, ‘पराक्रम’ आणि ‘आत्मा’ या शब्दांचे मूळ हिब्रू अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की बायबलच्या जुन्या करारातल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात ‘बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने’ यात बल आणि पराक्रम एकच ना, मग दोनदा कशाला? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. हिब्रू थोडंफार वाचता यायला लागल्यावर उलगडा झाला.

मूळ ओळ अशी : ‘लो वेहयिल, वेलो वेखोअह, की इम बेरूही’. यात क्रियापदच नाही. काय होणार, ते आपण संदर्भावरून भरायचं.

हयिल म्हणजे जमवलेलं बळ : फौज, पैसा, कर्तबगारी. बायबलमधल्याच रूथच्या पुस्तकात बवाजाला हाच शब्द लावलाय, तिथे तो तालेवार माणूस. नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्रीसुद्धा मुळात ‘एशेत हयिल’. आजच्या हिब्रूत सैनिकाला ‘हयाल’ म्हणतात, तो याच कुळातला. कोअह म्हणजे अंगातली ताकद. बायबलमधल्या महाबली शमशोनाच्या बळाचं गुपित त्याची प्रेयसी दलीला विचारते तो कोअह. नहेम्या ४:१० मध्ये ओझी वाहणारे थकलेत, त्यांचा संपलेला दमही कोअहच.

आता हे वचन ज्याच्यासाठी आलं तो जरूब्बाबेल बघा. इ.स.पू. ५२० च्या सुमाराची गोष्ट. हा पर्शियन (इराणी) साम्राज्याच्या हाताखालचा सुभेदार, पदरी स्वतःची फौज नाही. यरुशलेमच्या मंदिराचं काम रखडलेलं. म्हणजे हयिल नाही आणि माणसांचा कोअहही संपत आलेला. दोन शब्द उगाच नाहीत. त्यात बोलणारा कोण, तर ‘सेनाधीश’ परमेश्वर! फौजांचा धनीच म्हणतोय, फौजेने नव्हे.

(लेवीय ११:३० मध्ये सरड्या-घोरपडीच्या जातीतल्या एका प्राण्याचं नावही कोअह आहे. त्यावरून कुणी प्रवचन रचलं तर सोडून द्या. हार म्हणजे माळ, म्हणून हरल्यावर ती गळ्यात घालून मिरवायची का?)

रूअह मात्र ‘आत्मा’ या एका शब्दात मावत नाही. वारा, श्वास आणि आत्मा, तिन्ही रूअहच. यहेज्केल ३७ मध्ये सुकलेल्या हाडांत जो शिरतो तो नेमका यातला कोणता, हे ठरवताना भाषांतरकारांची दमछाक होते. आपल्याकडे ‘अंगात वारं येणं’ म्हणतात. पाळकांना हे आवडणार नाही, पण शमशोनावर रूअह झडप घालतो ते वाचताना मला तरी तेच आठवतं.

इथे जखऱ्यात मात्र झडप नाही. याच अध्यायात सोन्याचा समयीसारखा दीपवृक्ष आहे, दोन्ही बाजूंना जैतुनाची झाडं, आणि तेल नळ्यांतून आपोआप येतंय. कुणी ओतत नाही.

पण त्यावरून ‘माणसाने काही करायचंच नाही’ असा अर्थ काढणं मला पटत नाही. तीन ओळी खाली, नवव्या वचनात, स्पष्ट आहे : जरूब्बाबेलाच्या हातांनी पाया घातला, त्याचेच हात काम पुरं करतील. आणि दहाव्यात त्याच्या हातात ओळंबा आहे.