युद्ध नव्हे, गविष्टि

नाशिकरोडच्या एका वाचकांचा प्रश्न: मुलीला ‘देश एकमेकांशी युद्ध का करतात’ यावर भाषण करायचंय. युद्ध, लढाई, संग्राम हे शब्द आलटूनपालटून वापरले तर चालतील का?

नाही चालणार. लढाई एका ठिकाणची, युद्ध अनेक लढायांचं. फ्रान्समधली सोमची लढाई १९१६ ची. ती ज्यात झाली ते महायुद्ध १९१४ ते १९१८ चाललं. (आणि सिंहस्थाचे रस्ते ‘युद्धपातळीवर’ खणणं आता पुरे. खड्ड्याला शत्रू लागत नाही.)

पण भाषण ‘का’वर असेल तर युद्ध हा शब्द कुचकामी. युध् म्हणजे लढणं, बस्स. त्यापेक्षा ऋग्वेदातला ‘गविष्टि’ घ्या! गो अधिक इष्टि, गाईंची इच्छा. आणि त्याच शब्दाचा अर्थ लढाई. कारण शब्दातच बांधून दिलंय. वेदातला गो म्हणजे प्रकाश, असं श्रीअरविंद सांगतात. सांगोत बापडे. महाभारतात विराट राजाच्या गाई कौरवांनी वळवून नेल्या, ते काय किरण होते? आपल्याकडचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बघा: कितीतरी दगडांवर खालच्या पट्ट्यात आडवा पडलेला वीर आणि त्याच्याजवळ गाई.

गविष्टिचाच अर्थाने भाऊ, फारसीमार्गे आलेला, म्हणजे गनीम. कोशवाले ‘शत्रू’ लिहून मोकळे होतात. अहो, मागे अरबी ‘गनीमत’ आहे, युद्धात हाती आलेली लूट! म्हणजे गनीम हा नुसता वैरी नव्हे, लुटारू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची लूट घेऊन परतताना शिवाजी महाराजांना मोगल सरदार दाऊदखान आडवा आला तो वणी-दिंडोरीला, म्हणजे आपल्या उशाशीच. महाराजांनी लूट पुढे काढून दिली, स्वतः थांबले आणि खानाला झोडपलं. आता दख्खन गिळायला निघालेल्यांनी दुसऱ्याला लुटारू म्हणावं, यातली गंमत मुलीला जरूर सांगा. १९९० साली इराकने कुवेत गिळलं, तेही आधी कुवेतलाच चोर ठरवून: म्हणे रुमैला क्षेत्रातलं आमचं तेल उपसता! गाईंच्या जागी तेल आलं, एवढंच.

हां, संग्राम राहिला. त्यातला ग्राम म्हणजे आजचं गाव नव्हे. माझ्या मते तो गुरं-गाड्या घेऊन हिंडणारा जथा. असे दोन जथे समोरासमोर आले की संग्राम. भाषण पाच मिनिटांचं असेल तर हा गाळा, गविष्टि मात्र गाळू नका.