आधी पेटंटचा अर्ज, मग प्रदर्शन
शेतपंपाला वीज देणाऱ्या तीन फेजपैकी एक गेल्यावर मोटार बंद करणारे तुमचे उपकरण आशादायक आहे. मात्र आपण परवानाधारक वायरमन सुरुवातीलाच एक चूक करतो, ती म्हणजे सांगलीच्या कृषी प्रदर्शनात ते सर्वांना दाखवतो, आणि अर्जापूर्वी उघड झालेली कल्पना नवी ठरत नसल्याने पेटंट बहुधा हातचे जाते. म्हणून आधी मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे तात्पुरत्या तपशिलासह (कल्पनेच्या प्राथमिक वर्णनासह) अर्ज करावा. पूर्ण तपशील देण्यास १२ महिने मिळतात.

सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेल्यास मोटार थांबवणारी उपकरणे, बाजारात पूर्वीपासून आहेत, तेव्हा जुनी पेटंटे चाळून आपले वेगळेपण एका वाक्यात लिहून पाहा. (मला ते वाक्य जमायला दोन महिने लागले.) चाचणीच्या वेळी मेन स्विच बंद करून तिन्ही फेजमध्ये वीज नाही हे तपासल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका. दाव्यांची (नेमक्या कशावर हक्क मागतो त्या विधानांची) कायदेशीर भाषा सध्या बाजूला राहू द्या.