अमेरिकेत .२२ रायफलने खारीची शिकार करायला जायचंय, आधी काय काय माहीत असावं?

तुम्ही विचारलंय की मोठा भाऊ मिसूरीत राहतो, त्याचा शेजारी दर वर्षी .२२ घेऊन खारी मारायला जंगलात जातो, ऑक्टोबरमध्ये तुम्ही तिकडे जाताय तर तुम्हालाही नेईन म्हणतोय, तर तयारी काय करावी. आणि शेवटी एक ओळ अशी की जाण्याआधी इथेच इंदूरला घरामागच्या जामाच्या झाडावर ज्या खारी येतात त्यांच्यावर एअरगनने हात साफ करून घेतला तर चालेल का.

त्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. नाही चालणार, अजिबात नाही.

मी इंदूरचीच, रामबागेतली. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ पहिल्यांदा हातात आली, मग ५० मीटर प्रोनचं (पोटावर झोपून नेम मारायचा प्रकार) वेड लागलं ते लागलंच, आणि लग्नानंतर काही वर्षं मिसूरीत होते तेव्हा ऑफिसातल्या एका वयस्कर कलीगबरोबर खारींच्या शिकारीलाही गेलेय. म्हणून दोन्हीकडचं सांगू शकते.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. लोकांना वाटतं हा कायदा वाघ-बिबट्यांसाठी. तसं नाही. आपली पाच पट्ट्यांची खार जुन्या चौथ्या शेड्यूलमध्ये (कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या यादीत) नावानिशी होती. ज्यांना उपद्रवी म्हणून मोकळं सोडलं होतं ते जुनं पाचवं शेड्यूल, त्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर, घुशी एवढेच होते, खार त्यात कधीच नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीत शेड्यूलं नव्याने लावली आणि सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत नेला, कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. आणि शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पिंजरा लावणं, आमिष टाकून पकडणं, नुसता प्रयत्न करणं हेही त्या व्याख्येत येतं. एअरगनला लायसन्स लागत नाही (४.५ एमएम आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर) म्हणून ती कशावरही चालवता येते असं बरेच जण धरून चालतात, पण लायसन्सचा कायदा वेगळा आणि जनावराचा कायदा वेगळा. जाम खातायत तर झाडाला जाळी लावा, पिकायच्या आधी उतरवून घ्या, नाहीतर थोडे खाऊ द्या. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव तो, त्याच्यावर कसला हात साफ करायचा.

आता मिसूरी. तिथे ज्या खारी मारतात त्या आपल्या खारीपेक्षा पुष्कळ मोठ्या, ग्रे स्क्विरल साधारण अर्धा किलोच्या आसपास आणि तांबूस रंगाची फॉक्स स्क्विरल तर किलोपर्यंत जाते. आपल्या पचमढीकडे शेकरू दिसतं ना, तेवढी नाही, पण अंगाने भरलेली. तिथे तो रीतसर गेम अ‍ॅनिमल आहे, म्हणजे सीझन ठरलेला (मे महिन्याच्या चौथ्या शनिवारपासून १५ फेब्रुवारीपर्यंत), दिवसाला माणशी १० ची मर्यादा, परमिट लागतं, आणि हे सगळं मिसूरी डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन बघतं. नियम दर वर्षी छापतात, जाताना त्या वर्षीचेच बघा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो केलेला नसेल तर अनुभवी शिकाऱ्याच्या देखरेखीखाली जायची अप्रेंटिस म्हणून एक सोय आहे, त्याची चौकशी शेजाऱ्यालाच करायला सांगा.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट आहे जी तुमच्या भावाच्या शेजाऱ्याला बहुतेक माहीत नसणार कारण त्याला कधी गरजच पडली नाही. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर जाणार. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि मोठा गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच, तुमच्या नावाचं, चालू असलेलं, तिथल्या एखाद्या स्टेटने दिलेलं हंटिंग लायसन्स किंवा परमिट. म्हणजे क्रम असा की आधी परमिट तुमच्या हातात आणि मग रायफल. शेजारी म्हणेल अरे चल आधी मागच्या अंगणात दोन गोळ्या मारून बघ, परमिटचं नंतर करू, तर तिथे स्पष्ट नाही म्हणायचं, कारण नुसती हातात घेतली तरी ते बाळगणं धरू शकतात. एचवनबी वाल्यांनाही हाच नियम, ग्रीन कार्ड असेल तर नाही. पुढच्या वेळच्या व्हिसाचा प्रश्न असतो, गंमत म्हणून घेऊ नका.

आता बंदूक. इथे लोक .२२ म्हटलं की एअरगनच समजतात कारण .२२ छर्ऱ्याची एअरगन पण येते. दोघींचा आकडा, म्हणजे नळीचं इंचातलं माप, तेवढा सारखा. तिकडे खारींसाठी वापरतात ती .२२ लाँग रायफल, १८८७ सालापासून चालत आलेलं रिमफायर काडतूस, म्हणजे पेटवणारा मसाला मधोमध नसून काडतुसाच्या कडेत असतो आणि पिन कडेवर आपटते. गोळी साधारण ४० ग्रेन, अडीच ग्रॅमच्या जरा वर. बोटात धरली की शिशावरचं मेण बोटाला लागतं, इतकं लहानसं प्रकरण, आवाज पण फार नाही, धक्का तर जवळजवळ नाहीच. आणि त्यामुळेच माणूस हिला हलक्यात घेतो.

स्वप्निल कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ जिंकलं ते ह्याच काडतुसावर, आपल्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर खेळतो तेही हेच, महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटच्या विजय कुमारने २०१२ ला लंडनमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात सिल्व्हर आणलं तेही .२२ च. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ एमएमचं असतं आणि ती मुलं त्यात गोळीमागून गोळी घालतात. म्हणजे नेमकेपणाला तोड नाही. पण ह्याच काडतुसाच्या डब्यावर लिहिलेलं असतं की दीड मैलापर्यंत धोका, म्हणजे जवळपास २.४ किलोमीटर. राजवाड्यावरून सोडली तर स्टेशनच्याही पलीकडे जाईल एवढं अंतर. रेंजवर मागे मातीचा बांध असतो म्हणून आपल्याला तो विचार करावा लागत नाही. जंगलात तो बांध तुम्हाला शोधावा लागतो, आणि तोही वर बघत, कारण खार झाडावर असते.

माझ्या मते खारीच्या शिकारीत शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच. खार दिसली की तिच्याकडे नाही, तिच्या मागे बघायचं. मागे जाड खोड किंवा जाड फांदी आहे का? असेल तर मारा. मागे नुसतं आकाश असेल, ती बारीक फांदीच्या टोकावर ऐटीत बसलेली असेल, नेम कितीही सोपा दिसत असेल, तर नाही. चुकली किंवा आरपार गेली तर ती गोळी कुठे उतरेल ते तुम्हाला दिसत नाही, आणि तिकडे शेतं, घरं, दुसरे शिकारी सगळं असतं. ह्याच कारणाने बरेच जण, विशेषतः पानं दाट असताना, रायफल न नेता छर्ऱ्याची शॉटगन नेतात, तिचे बारीक छर्रे लवकर दम टाकतात. शेजारी .२२ च नेतो म्हणजे नेमाचा शौकीन असणार, तर त्याला पहिल्याच दिवशी विचारा की आकाशाकडे मारतोस का. मारतो म्हणाला तर मी जाणार नाही.

ज्या कलीगबरोबर मी जायचे ते उजाडायच्या आधी हिकरीच्या झाडांजवळ जाऊन बसायचे. हिकरी म्हणजे अक्रोडाच्या जातीतलं झाड, त्याची फळं आणि ओकची फळं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खारी ह्याच्यावर असतात. खोडाला पाठ टेकायची, गुडघे वर, गुडघ्यांवर कोपरं, रायफल मांडीवर, आणि हलायचं नाही. सुरुवातीला काही दिसत नाही. मग वरून टरफलाचे बारीक तुकडे वाळक्या पानांवर पडायला लागतात, टप, टप, आणि दात घासल्यासारखी कुरकुर ऐकू येते, तेव्हा कळतं की वर कोणीतरी खातंय. ते तसेच बसून राहायचे, मान पण इंच इंच वळवायचे. खारीला तुमची चाहूल लागली की ती खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकते आणि तुम्ही फिराल तशी तीही फिरते, म्हणून दोघं असले तर एकाने बसून राहायचं आणि दुसऱ्याने हळू पलीकडे चालत जायचं, ती आपोआप बसलेल्याच्या समोर येते. एकटं असाल तर पलीकडे एखादी काठी फेकायची. बार झाला की लगेच उठू नका. .२२ चा आवाज कमी असल्यामुळे बाकीच्या खारी पंधरा-वीस मिनिटांत परत खायला लागतात. पडलेली कुठे पडली ते झाड नीट लक्षात ठेवायचं, पानांत सापडत नाही.

नेम डोक्याचा. धडावर मारली तर मांस फुकट जातं आणि खार जखमी होऊन ढोलीत शिरून मरते, ते मला बघवत नाही. सव्वा-दीड इंचाचं टार्गेट आहे ते. तुमच्यासाठी सोपी कसोटी सांगते: दहा रुपयांच्या नाण्याएवढं वर्तुळ कागदावर काढा (ते २७ एमएमचं असतं), पंचवीस यार्डांवर लावा, आणि झाडाला टेकून बसून दहापैकी दहा आत बसतील तोपर्यंत जिवंत खारीवर बंदूक उचलू नका. ह्यात एक गोची आहे. स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, नळीच्या वर दीडेक इंच बसलेला असतो, त्यामुळे ५० यार्डांवर झिरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी बसेल अशी लावलेली) रायफल दहा यार्डांवर अर्धा-पाऊण इंच खाली मारते. खार अगदी डोक्यावरच्या फांदीवर असली की नवखे इथेच चुकतात आणि स्कोपला नावं ठेवतात. वेगवेगळ्या अंतरांवर कागदावर मारून गोळी कुठे बसते ते आधी बघून ठेवायचं. आणि काडतुसाचा ब्रँड बदलला की गोळी दुसरीकडे बसते, रिमफायरमध्ये हे फार होतं, तर ज्यावर झिरो केली तेच काडतूस जंगलात.

ही प्रॅक्टिस इंदूरला करता येते का? .२२ ला लायसन्स लागतं, ते तुमच्या ट्रिपच्या आत व्हायचं नाही. पण १० मीटर एअर रायफल रेंजवर कोचच्या हाताखाली महिनाभर जा. दम अर्धा सोडून थांबणं, ट्रिगर हळू दाबणं, गोळी सुटल्यावर लगेच डोकं न उचलणं, हे सगळं तिथे होतं. तिथलं दहाचं टार्गेट अर्ध्या एमएमचा ठिपका आहे, त्यानंतर दहाचं नाणं मोठं वाटायला लागेल.

घरच्यांना काय सांगायचं हे तुम्ही विचारलं नाही पण विचारणार, कारण आपल्याकडे खार म्हणजे रामाची, पाठीवर त्याची बोटं. माझ्या आईनेही विचारलं होतं की त्या बिचारीने काय केलं. मी तिला म्हटलं की मारली ती खाल्ली, आणि जेवढी मारायची परवानगी होती त्याच्या खूप आत. तिकडे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो, जंगलं राखली जातात. तिला पटलं नाही, आणि मी जास्त वादही घातला नाही. खायची नसेल तर मात्र मारू नये ह्यावर आमचं दोघींचं एकमत आहे. सोलताना हातमोजे घाला, टुलारेमिया म्हणून एक आजार ससे-खारींकडून येतो. उन्हाळ्याच्या शेवटी कातडीखाली माशीच्या अळ्या सापडतात, म्हणून पुष्कळ जण थंडी पडेपर्यंत थांबतात. मांस गडद रंगाचं, जून खारीचं चिवट. ते लोक मंद आचेवर तासन्‌तास शिजवून ग्रेव्ही करतात, मी आलं-लसूण आणि काळा मसाला लावून सरळ कुकरला लावायचे, छान होतं. जंगलातून आलात की गोचिडींसाठी अंग नीट तपासा, मिसूरीत पुष्कळ असतात.

आणि परत यायच्या आदल्या रात्री जे जॅकेट, जी पँट, जी सॅक शिकारीला नेली होती तिचा एकूण एक खिसा उलटा करून झटका. .२२ चं काडतूस इतकं लहान की अस्तरात जाऊन बसतं आणि कळत नाही. अमेरिकेतल्या चेकिंगमध्ये सुटलं आणि दिल्ली-मुंबईला डोमेस्टिक फ्लाइटच्या स्कॅनिंगमध्ये दिसलं तर आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होते, एक काडतूस असलं तरी. खिशात होतं हे माहीतच नव्हतं म्हणून लोक कोर्टातून सुटतातही, पण तोपर्यंत पोलीस स्टेशन, वकील, तारखा. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पण आणू नका, आठवण म्हणून तर मुळीच नाही. शक्य असेल तर शिकारीचे कपडे भावाकडेच ठेवून या.