डीएसएलआरच्या जोडीला खिशातला कॅमेरा

अरे, खिशात मावणारा झूम कॅमेरा कोणता घेऊ म्हणतोस, पण डीएसएलआर आहेच तुझ्याकडे, मग झूमच्या आकड्याला भुलू नकोस. कॅननच्या एसएक्स ७४० ला ४० पट झूम, म्हणजे थेट ९६० मिमी लेन्सइतका. पण सेन्सर (चित्र टिपणारी चिप) नखाएवढा आणि झूमच्या टोकाला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ ६.९ इतकं बारीक. हिप्परग्याच्या तलावावर भल्या सकाळी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढतो आणि बगळ्याची पिसं ओल्या रंगासारखी फिसकटतात. उन्हं वर आली की तोच छान चालतो.

मला विचारशील तर पॅनासोनिक टीझेड २०० बघ. झूम १५ पटच, पण सेन्सर मोठा, एक इंची म्हणतात तो, आणि डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडरही आहे. नान्नजच्या माळावर भर दुपारी स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही रे! गड्डा यात्रेच्या गर्दीत मात्र डीएसएलआर घरीच ठेव, हा खिशात टाक.

घेण्याआधी दुकानातच झूम पूर्ण ताणून हात किती हलतो ते बघ.