स्टेजवर बोलताना लोक मोबाईल काढून बसतात, काय करावं?

पाठांतर चोख आहे, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, तरी पाचव्या मिनिटाला माना खाली जातात, असं तुम्ही लिहिलंय. मला शंका आहे ती त्या चोख पाठांतराचीच. माझंही तेच झालं होतं.

मी निवेदन करतो, अधूनमधून व्याख्यानंही देतो. सुरुवातीच्या काळातलं एक रेकॉर्डिंग मित्राने ऐकवलं. त्यात मी विचारतो, ‘तुमच्यापैकी स्टेजची भीती कुणाकुणाला वाटते?’ आणि श्वासही न घेता ‘वाटतेच ना!’ म्हणून पुढे सुटतो. मागून एका बाईंचा ‘मला तर...’ एवढाच आवाज येतो. पुढचं माझ्या बडबडीत बुडालं. त्यानंतर तासभर कुणी तोंड उघडलं नाही आणि मी मात्र प्रेक्षक थंड होते म्हणून सांगत फिरत होतो.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात शिक्षकांबद्दल हेच दाखवून दिलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबत. ते ३ सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. स्टेजवर ३ सेकंद म्हणजे जीव जातो. मी पाठीमागे हात धरून बोटांवर मोजतो. हात वर येतात ते बहुधा तिसऱ्या बोटाला. एकही आला नाही तर समजावं, प्रश्नच फार मोठा होता. ‘भीतीबद्दल काय वाटतं?’ याला कोण उत्तर देणार? ‘माईक हातात घेतल्यावर हात थरथरलाय कुणाचा?’ याला देतात.

हशाचंही तसंच. लोक हसत असताना पुढचं वाक्य दामटलं तर ते ऐकण्यासाठी हसू आवरतात, आणि पुढच्या विनोदाला जपूनच हसतात. हशा ओसरायला लागला की बोला. पूर्ण विझेपर्यंत थांबलात तर पुन्हा पेटवावा लागतो.

नजरेबद्दल लोक सांगतात, डोक्यांवरून बघा. अजिबात नको. एक वाक्य एकाच माणसाकडे बघून पुरं करा, मग दुसऱ्या कोपऱ्यातला कुणीतरी. लाईटमुळे समोर नुसता काळोख दिसत असेल, तर हॉलमधले दिवे पूर्ण न विझवता मंद चालू ठेवायला आधीच सांगून ठेवा.

स्लाइड असतील तर पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असताना कीबोर्डवरचं ‘बी’ दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की स्लाइड परत. महत्त्वाचं सांगताना मी हे करतोच, नाहीतर लोक मला सोडून पडदा वाचत बसतात.

मोबाईलवाल्यांना टोमणा मारू नका, ऐकणारेही अवघडतात. त्याऐवजी पुढच्या वेळी स्वतःचा मोबाईल रेकॉर्डिंगला लावून पहिल्या रांगेत ठेवा. आपलाच आवाज ऐकवत नाही, मान्य. पण प्रत्येक प्रश्नानंतर किती थांबलात, तेवढं तरी घड्याळ लावून बघा.