बुशरेंजरांच्या चरित्राचा शोध कोठून सुरू करावा?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील नेड केली आणि इतर बुशरेंजर (रानावनात लपून राहून लुटालूट करणारे फरारी) कोणाच्या लेखनात गरिबांचे कैवारी ठरतात, तर कोणाच्या लेखनात निव्वळ खुनी दरोडेखोर. मूळ कागदपत्रांवरून त्यांच्या आयुष्याचा अभ्यास करायचा असेल, तर सुरुवात कशी करावी?

उत्तर : एकच माणूस आणि त्याच्या आयुष्यातील एकच घटना निवडावी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातील वृत्तपत्रे विनामूल्य वाचता येतात. मात्र त्या काळी वृत्तपत्रे एकमेकांच्या बातम्या सर्रास उचलून छापत असल्याने, दहा बातम्या जुळल्या म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असे समजू नये. घटनास्थळाजवळच्या गावातील सर्वांत आधीची बातमी शोधावी.

केलीच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे कागद शिल्लक आहेत, हे अभ्यासकाचे मोठे भाग्य. १८७९ मध्ये त्याने सांगितलेले आणि त्याचा साथीदार जो बर्न याने लिहून घेतलेले, सुमारे ८,००० शब्दांचे जेरिल्डरी पत्र ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या ग्रंथालयात आहे. पोलिसांनी आपल्या कुटुंबाचा छळ केला, ही त्यातील तक्रार मनाला भिडते; तरीही ते पत्र आरोपीने स्वतःच्या समर्थनार्थ लिहविलेले आहे. ऑक्टोबर १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीक येथे केनेडी, लॉनिगन आणि स्कॅनलन हे तीन पोलीस केलीच्या टोळीकडून मारले गेले. त्यातून वाचलेला चौथा पोलीस मॅकइन्टायर याची साक्ष त्या पत्राशेजारी ठेवून वाचल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. खटल्याचे आणि पोलिसांचे कागद व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. केलीला ११ नोव्हेंबर १८८० रोजी फाशी दिल्यानंतर पोलिसांच्याच कारभाराच्या चौकशीसाठी १८८१ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्यापुढील साक्षींवरून पोलीस दलातील हेवेदावेही कळतात.

कैद्याच्या हातचा कागद मिळाला, तर तो सर्वांत मोलाचा मानावा. ‘कॅप्टन मूनलाइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अँड्र्यू स्कॉट या बुशरेंजरने सिडनीच्या डार्लिंगहर्स्ट तुरुंगात फाशीची वाट पाहत अनेक पत्रे लिहिली. ती पोहोचवली गेली नाहीत आणि सरकारी दप्तरात राहिली. पोलिसांशी झालेल्या चकमकीत नोव्हेंबर १८७९ मध्ये मारला गेलेला साथीदार जेम्स नेसबिट याच्यावरील त्याचे उत्कट प्रेम त्या पत्रांतूनच समजते. आपल्याला नेसबिटजवळ पुरावे, ही त्याची इच्छा तेव्हा डावलली गेली. पुढे ती पत्रे वाचली गेली आणि १९९५ मध्ये स्कॉटचे अवशेष गंडगाई येथील, नेसबिटला पुरले होते त्या दफनभूमीत नेण्यात आले.