जुन्या ट्रकच्या तापमानाचा काटा हलत नाही

प्रश्न : माझ्या साठ वर्षांपूर्वीच्या ट्रकचे इंजिन कितीही तापले, तरी तापमानाचा काटा थंडच्या खुणेवरून हलत नाही. सेन्सर नवा घातला, पाणी झिरपू नये म्हणून त्याच्या आट्यांवर टेफलॉन टेपचे चांगले सहा-सात वेढे दिले. तरीही फरक पडला नाही. आता मीटर बदलावा का?

उत्तर : मीटरला इतक्यात हात लावू नका. मूळ मीटर एकदा गेला, की त्या घडणीचा दुसरा मिळणे फार कठीण असते.

काही जुन्या मीटरना इंजिनापासून आलेली बारीक धातूची नळी जोडलेली असते आणि तिच्या टोकाचा बल्ब वेगळा काढता येत नाही. तुम्हाला सेन्सर बदलता आला, त्याअर्थी तुमचा मीटर विजेवर चालणारा आहे. इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून सेन्सरची तार काढा व तिचे टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा सावकाश चढू शकतो, म्हणून काही सेकंद थांबा. मात्र तो गरमकडे सरकताच तार दूर करा, नाहीतर मीटरच्या आतले वेटोळे जळू शकते.

काटा चढला, तर मीटर आणि तार दोन्ही ठीक आहेत. मग माझा पहिला संशय त्या टेपवर आहे. एकाच तारेच्या सेन्सरला अर्थिंग (इंजिनाच्या धातूतून विजेची परतीची वाट) त्याच्या आट्यांतूनच मिळते आणि टेपचे जाड वेढे नेमका तोच संपर्क तोडतात. खात्रीसाठी इग्निशन बंद करून सेन्सरचे धातूचे अंग आणि बॅटरीचे बॉडीला जोडलेले टोक (काही जुन्या गाड्यांत ते धन असते) यांमधला रोध मल्टिमीटरने मोजा. तो जवळजवळ शून्य यायला हवा. तसा नसेल, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सेन्सर काढा, टेप आणि भोकातला गंज-रंग खरवडा, आणि आट्यांवर सीलंटचा अगदी पातळ हात देऊन तो पुन्हा बसवा.

अर्थिंग निर्दोष असूनही काटा हलत नसेल, तर नवा सेन्सर त्याच मीटरसाठीचा आहे का, हे तपासा. तापमान वाढते तसा त्याचा रोध उतरतो, पण किती उतरावा हे प्रत्येक मीटरगणिक वेगळे असते.

तार टेकवूनही काटा ढिम्म राहिला, तर डिझेलचा काटा पाहा. तोही मेलेला असेल, तर दोन्ही मीटरना वीज पुरवणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासावा. डिझेलचा काटा चालत असेल, तर तुटलेली किंवा गंजलेली तार शोधावी.